शेवटची रात्र कुठल्या बेटावर? एका अंदमान ट्रिपचं प्रकरण

नाशिकचं एक कुटुंब, सहा माणसं, सात दिवसांची अंदमान ट्रिप, जी दहाव्या दिवशी संपली. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, बाकी घडलं तसंच. यातली सून माझ्या ओळखीची, त्यामुळे त्या चार दिवसांत फोन लागेल तेव्हा सगळं कानावर येत होतं, आणि परत आल्यावर बसून नीट विचारूनही घेतलं.

पार्श्वभूमी

आजोबा एकाहत्तर वर्षांचे, शुगर बरीच जुनी, दिवसातून दोनदा इन्सुलिन, शिवाय बीपीची गोळी. आजींचे गुडघे. मुलगा-सून दोघंही नोकरीवाले, आणि दोन पोरं, नात अकरा वर्षांची, नातू सहाचा. आजोबांची सेल्युलर जेल बघायची इच्छा कित्येक वर्षांची, आपल्याकडे सावरकरांमुळे ती बऱ्याच घरांत असतेच, त्यामुळे ट्रिप ठरली आजोबांसाठी आणि वाढली पोरांच्या बीचसाठी. दिवाळी होऊन गेली होती, नोव्हेंबरचा शेवट.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे नोव्हेंबर म्हणजे पाऊस गेला, आभाळ मोकळं, फिरायला बेस्ट. बंगालच्या उपसागरात तसं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा वादळांचा मोसम, ईशान्य मान्सून चालू असतो, आणि अंदमानच्या आजूबाजूच्या समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होऊन तमिळनाडू-आंध्रकडे सरकतात. डिसेंबर २०१६ ला वरदा वादळाच्या सुरुवातीला हॅवलॉक आणि नील या दोन बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. म्हणजे हे पहिल्यांदा होतंय असं अजिबात नाही.

नावांचा घोळ नको म्हणून सांगते, हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं २०१८ च्या शेवटी बदलली, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ ला श्री विजयपुरम झालं. पण तिकडे सगळे अजून जुनीच नावं बोलतात, मीही तीच वापरते.

एजंटने दिलेला प्लॅन असा: आधी पोर्ट ब्लेअर, मग हॅवलॉक, मग नीलवर एक रात्र, परत पोर्ट ब्लेअरला येऊन एक रात्र, आणि सातव्या दिवशी दुपारी दीडचं विमान. मुलाने यात बदल केला. पोर्ट ब्लेअरची ती शेवटची रात्र उडवली आणि नीलला एक रात्र वाढवली, कारण पोर्ट ब्लेअरचं सगळं तर आधीच बघून झालेलं असणार, मग हॉटेलचे पैसे आणि आख्खा एक दिवस कशाला घालवायचा, आणि नीलवरून सकाळी आठची बोट धरली की साडेनऊपर्यंत पोर्ट ब्लेअर, दीडचं विमान आरामात. कागदावर बघितलं तर कुणालाही पटेल असंच होतं ते. एजंटने एकदा "सर, बोट का भरोसा नहीं" म्हटलं होतं म्हणे, पण एजंट लोक काय, स्वतःच्या हॉटेलची रात्र जाऊ नये म्हणून बोलतात असं वाटून गेलं. हा पहिला निर्णय, आणि पुढचं सगळं यातूनच निघालं.

बॅगा कशा भरल्या होत्या

सूनबाईंचं पॅकिंग तसं बघितलं तर खूप लोकांपेक्षा चांगलं होतं. पॉवर बँक केबिन बॅगेत (चेक-इनमध्ये चालतच नाही), पोरांचे फुल बाह्यांचे पोहायचे कपडे, बीचवर मेलेल्या कोरलवरून चालायला रबरी बूट, संध्याकाळच्या सँडफ्लायसाठी (बीचवरच्या बारीक चावऱ्या माश्या) मलम, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स, कारण बोटीच्या तिकिटालाही आयडी बघतात. बोटीत मळमळण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आणलेली आणि खिशात ठेवलेली, बॅगेत नाही, हे बरोबर, कारण या मोठ्या बोटींत चढताना मोठं सामान एका बाजूला रचून ठेवतात आणि उतरेपर्यंत ते तुमच्या हाताला लागत नाही.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत ती कडक होती. डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली आणि माणसं गेली, ती बातमी तिच्या डोक्यात पक्की बसलेली. नीलला काचेच्या तळाच्या बोटीत बसताना नातवाला मोठ्यांचं जॅकेट चढवलं तेव्हा तिने ते खांद्यापाशी धरून वर ओढून बघितलं, तर ते सरळ त्याच्या कानांच्या वर गेलं. म्हणजे पाण्यात पडला असता तर जॅकेट तरंगलं असतं आणि पोरगं खालून निसटलं असतं. तिने लहान साइजचं मागितलं, बोटवाला कुरकुरला, मागे बसलेले लोकही "चला ना ताई" करायला लागले, पण मिळालं शेवटी. ही खांद्याला धरून ओढायची टेस्ट दोन सेकंदांची आहे, गोव्यात, मालवणात, कुठेही करा.

गडबड झाली ती वेगळ्याच ठिकाणी. चार मोठ्या बॅगा घेऊन बेटं-बेटं कशाला फिरा, म्हणून दोन बॅगा पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवून दिल्या, शेवटच्या दिवशी विमानतळावर जाताना उचलू. आयडिया उत्तमच आहे, मीही सगळ्यांना हेच सांगते. पण कुठलं सामान मागे ठेवायचं हे ठरवताना "पुढच्या चार दिवसांत लागणार नाही ते" असा हिशोब लावला गेला, आणि त्या हिशोबात आजोबांचं जास्तीचं इन्सुलिन पेन हॉटेलच्या फ्रीजमध्ये गेलं, डॉक्टरांचा कागद बॅगेतल्या फाइलमध्ये गेला, आणि रेनकोटही गेले कारण ऊन होतं. चालू पेन आजोबांजवळ होतं, निघायच्या सकाळीच नवीन उघडलेलं, म्हणजे आरामात पुरणार.

पुरणारच होतं. सात दिवसांना.

अडचण कुठे सुरू झाली

पाचव्या दिवशी संध्याकाळी, नीलवर. होमस्टेवाले दादा बंगाली, नीलवर बहुतेक वस्ती पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्यांचीच, आणि त्यांचा भाऊ मासेमारी करणारा. त्यांनी जेवण वाढता वाढता सहज सांगितलं की मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून वॉर्निंग आलीय, जमलं तर कल दोपहर का बोट पकड़ लो.

दुसरा दिवस उजाडला तर लख्ख ऊन. समुद्र निळाशार, भरतपूर बीचवर गर्दी. मुलाने फोनवर हवामान बघितलं, त्यात पावसाचं ढगाचं चित्र आणि "सत्तर टक्के पाऊस" एवढंच. पाऊस काय, पडला तर पडला, बोट पावसाने थोडीच थांबते, असं त्याचं म्हणणं आणि ते खरंही आहे, बोट पावसाने थांबतच नाही. ती थांबते वाऱ्याने आणि लाटेने. फोनमधलं ते ढगाचं चित्र गावातल्या पावसाचं असतं, खाडीबाहेर लाट किती उंच आहे हे त्यात कुठेच नसतं. त्यासाठी हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना बघायची, किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज, दोन्ही फुकट आहेत. कोकणातल्या माणसाला बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नाही, पण आपण घाटावरचे लोक, आपल्याला समुद्र म्हणजे डोळ्यांसमोर दिसतो तेवढाच.

आजी म्हणाल्या होत्या, "अरे तो माणूस इथला आहे, तो सांगतोय तर निघू या की." मुलगा म्हणाला, "आई, हॉटेलचे पैसे भरलेत, पोरांना नॅचरल ब्रिज बघायचाय." ओहोटीची वेळ दुपारचीच होती, आणि तो खडकांचा पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. म्हणजे दुपारची बोट धरायची तर ब्रिज सोडायचा. राहिले.

सातव्या दिवशी पहाटे साडेपाचला मेसेज आला, खराब हवामानामुळे आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द. बाहेर नारळ वाकलेले आणि पाऊस आडवा.

समोर कोणते पर्याय होते

बोट रद्द झाली की तिकिटाचे पैसे मिळतात, पण विमान कंपनीचा त्या बोटीशी काही संबंध नसतो, त्यांच्या दृष्टीने तुम्ही वेळेवर आला नाहीत, विषय संपला. त्यामुळे पहिला प्रश्न विमानाचा. सून सकाळी साडेसहालाच फोन करत बसली, विमान सुटायच्या आधी तारीख बदलली तर निदान काही तरी वाचतं, सुटल्यावर जवळपास सगळंच जातं.

तारीख कुठली घ्यायची यावर मात्र घरात चांगलीच जुंपली. दुसऱ्या दिवशीची सीट स्वस्त पडत होती. दहाव्या दिवशीची माणशी साडेचार हजार जास्त, गुणिले सहा. मुलाला वाटत होतं उद्या थांबेल वारा. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "दो दिन तो पक्का, तीन दिन का समझो." यावेळी ऐकलं, दहाव्या दिवसाची घेतली. त्याच होमस्टेमधल्या दुसऱ्या एका जोडप्याने आठव्या दिवसाची घेतली, ती गेली, मग नवव्या दिवसाची घेतली, तीही गेली. माझ्या मते या पूर्ण ट्रिपमधला हा सगळ्यात चांगला निर्णय, आणि तो घेताना सगळ्यांना पैसे उडवल्यासारखंच वाटत होतं.

दुसरा पर्याय दुपारी चालत आला. जेटीच्या बाहेर चहाच्या टपरीवर पाच-सहा टूरिस्ट जमले होते आणि कुणीतरी एका डुंगीवाल्याशी, डुंगी म्हणजे तिकडची लहान इंजिनवाली मच्छीमार होडी, हॅवलॉकपर्यंत सोडायचं बोलत होता, तिथून मोठी बोट मिळेल या हिशोबाने. पैसे वाटून घेतले तर परवडत होतं. मुलगाही थोडा वेळ तिथे घुटमळला हे त्याने स्वतः मला सांगितलं. पण शेकडो माणसं नेणाऱ्या मोठ्या बोटी ज्या समुद्रात निघत नाहीत त्यात ही होडी कशी निघणार, आणि हॅवलॉकलाही बोटी बंदच होत्या की. म्हणजे जीव धोक्यात घालून एका बेटावरून उठून दुसऱ्या बेटावर अडकायचं. शेवटी डुंगीवाल्यानेच नाही म्हटलं.

हेलिकॉप्टर असतं बेटांवर, पण सीट मोजक्या, आजारी माणसं आधी, आणि अशा वाऱ्यात तेही उडत नाही. तो पर्याय विचारून लगेच सोडला.

इन्सुलिन

हे कळलं दुपारी जेवणाच्या वेळी. सुनेने आजोबांचं पेन हातात घेऊन उजेडात धरलं आणि काचेवरच्या रेघा मोजल्या. हिशोब असा की एका पेनमध्ये तीन मिली, म्हणजे ३०० युनिट. आजोबांचा डोस सकाळी २२, रात्री १४, आणि दर वेळी सुई लावल्यावर हवा काढायला २ युनिट सोडायची, म्हणजे दिवसाला ४०. सात दिवसांचे २८०. रात्रीचा डोस झाला की उरणार वीस. सकाळी लागणार चोवीस, आणि त्याच्या पुढे काहीच नाही.

आजोबांनी लगेच तोडगा काढला. "अर्धं अर्धं घेतो दोन दिवस, आणि भात बंद करतो, काही होत नाही." सून म्हणाली, "बाबा, ते तुम्ही नाही ठरवायचं." आजोबा चिडले, पण रेनकोट नसताना डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घेऊन सगळे... म्हणजे सगळे नाही, मुलगा, सून आणि आजोबा, दादांच्या ओळखीच्या रिक्षाने नीलच्या सरकारी आरोग्य केंद्रात गेले.

तिथल्या सिस्टरने सांगितलं, "अंकल, पेन नहीं है, शीशी है." आजोबा घेतात तेच तीस-सत्तरचं मिश्रण (लवकर आणि सावकाश काम करणारं इन्सुलिन त्या प्रमाणात मिसळलेलं), पण बाटलीतलं. आता ही गोष्ट मला स्वतःलाही आधी नीट माहीत नव्हती आणि घरात इन्सुलिन असलेल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटचं असतं आणि पेनमधलं एका मिलीत १०० युनिटचं. सिरिंजही वेगवेगळ्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. २२ युनिटचा डोस २२ च राहतो, पण बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची पाहिजे. चाळीसची बाटली आणि शंभरची सिरिंज असा घोळ झाला तर २२ च्या रेघेपर्यंत ओढूनही शरीरात जाणार नऊच्या आसपास, आणि उलटा घोळ झाला तर अडीचपट, जे त्याहून भयंकर. सिस्टरने लाल टोपणाच्या सिरिंज दिल्या, टोपणावर बोट ठेवून दोनदा समजावलं, आणि आजोबांकडून रेघ दाखवून घेतली.

हे सगळं व्हायला वेळ मात्र लागला, डॉक्टरांचा कागद नव्हता ना, तो पोर्ट ब्लेअरला. नाशिकच्या डॉक्टरांना फोन लागेना. नेटवर्क गेलं होतं सकाळपासून येऊन-जाऊन. सव्वा तासाने एक रेघ आली तेव्हा डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी सिस्टरशीच बोलून औषध आणि डोस पक्का केला आणि एकदाचं काम झालं. फोनमध्ये कागदाचा एक फोटो असता तर हा सव्वा तास वाचला असता. बाटली होमस्टेच्या फ्रीजमध्ये, आणि लाइट गेली की ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्याशेजारी. बर्फात नाही, गोठलं की इन्सुलिन फुकट जातं.

ते दोन दिवस

बाकी मग वेळ काढणं. एटीएम बंद, यूपीआय नेटवर्कवर अवलंबून, आणि मुलाकडे रोख जेमतेम. आजींनी बटव्यात "असू देत" म्हणून पाच हजार ठेवले होते, त्यावर होमस्टेचं जेवण, रिक्षा आणि दूध भागलं. वजन वाढतंय म्हणून ज्यावरून निघताना भांडण झालं होतं तो चिवडा-चकलीचा डबाही संपला.

आठव्या दिवशी दुपारी पाऊस तासभर थांबला, पोरं कंटाळलेली, मुलगा म्हणाला जरा पाण्यात पाय बुडवून आणतो. दादांनी गेटमधूनच परत फिरवलं. पाऊस थांबला तरी आतून येणारी लाट दिवस-दीड दिवस तशीच असते, आणि असल्या पावसात ओढ्यांची तोंडं गढूळ झालेली, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, बीचवरच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी सरकारी बोट सुटणार असं कळलं. सून पहाटे पाचलाच जेटीवर, हातात आरोग्य केंद्राचा कागद. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची नावं आधी घेतली गेली, त्यात यांचं आलं. बोट हलली भरपूर, दोन्ही पोरांनी उलट्या केल्या, पण दुपारी पोर्ट ब्लेअर. दहाव्या दिवशी विमान. आजोबांची शुगर त्या तीन दिवसांत वर गेली होती, घरी आल्यावर डॉक्टरांनी आठवडाभर लक्ष ठेवायला सांगितलं, बाकी ठीक. खर्च वाढला तो विमानाच्या फरकाचा आणि होमस्टेच्या दोन रात्रींचा, दादांनी त्या रात्रींचे निम्मेच घेतले.

हेच परत करायचं तर

बेटं आधी, पोर्ट ब्लेअर शेवटी. विमानतळावरून उतरून त्याच दिवशी दुपारची बोट मिळत असेल तर थेट हॅवलॉक, नाहीतर एक रात्र काढून दुसऱ्या सकाळी, मग नील, आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेल पावसातही बघता येतं. समुद्राने एक दिवस खाल्ला तरी तो पोर्ट ब्लेअरच्या दिवसातून जातो, विमानातून नाही. मुलाने जी रात्र वाचवली ती खरं तर या ट्रिपमधली सगळ्यात कामाची रात्र होती, फक्त ती कामाची आहे हे बोट चालू असताना दिसत नाही.

बॅगा मागे ठेवायच्या तर ठेवा, पण रोज घ्यायचं औषध मागे ठेवायचं नाही, एक गोळीसुद्धा नाही. किती न्यायचं तर ट्रिपच्या दिवसांच्या दुप्पट, दोन वेगळ्या माणसांच्या हातातल्या बॅगांत वाटून, आणि विमानात इन्सुलिन चेक-इनला टाकायचं नाही. डॉक्टरांच्या कागदाचा फोटो किमान दोन फोनमध्ये. शिवाय पेनवाल्यांनी निघायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारून ठेवावं की बाटली वापरायची वेळ आली तर कुठली आणि कशी.

रोख रक्कम दोन रात्री निघतील एवढी. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना फक्त विमान लिहिलंय की बोटीचाही उल्लेख आहे ते वाचायचं, यांनी घेतलाच नव्हता त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

सहाव्या दिवशीच्या निर्णयाबद्दल मात्र घरात अजून एकमत नाही. सुनेचं म्हणणं, दादांनी सांगितलं तेव्हाच निघायला पाहिजे होतं. मुलाचं म्हणणं, लख्ख उन्हात, पैसे भरलेलं हॉटेल सोडून, नुसत्या एका वाक्यावर कोण निघतं, आणि नॅचरल ब्रिज तर आयुष्यात परत बघणं होणार नव्हतं. मला सुनेचं पटतं. पण त्या दुपारी त्यांच्यातला एकही जण, आजी सोडून, निघायला तयार नव्हता, हेही तितकंच खरं.